उभ्या सिलिंडरचा पट्टा

अंब्रा उजाडताच मोटरसायकलवर निघून गेली होती, आणि तिच्या आईच्या, लिदियाच्या, कानात घुमणारा तो सूर काही केल्या जात नव्हता.

रविवार होता. लाकडी पाटावर अंडी घालून मळलेला पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली मुरत होता. एरवी रविवारी या वेळेपर्यंत लिदियाची पास्त्याची पोळी निम्मी लाटून झालेली असायची, खिडकीसमोर धरली तर पलीकडचं झाड दिसेल इतकी पातळ. आज ती लांब लाटणं हातात धरून नुसती उभी होती. डोक्यात एकच स्वर वाजत होता. 'फा'. वाजायला हवा होता त्याच्या वरचा 'ला'.

काल दुपारी खाली अंगणातल्या गॅरेजात अंब्राने मोटरसायकलच्या इंजिनाचे पट्टे बदलले होते. त्या गाडीला दोन सिलिंडर. एक पुढे आडवा, एक उभा. दोघांना दातेरी रबराचा एकेक पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या तालावर आतले व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे. पट्टा झिजलेला दिसो न दिसो, मुदत भरली की बदलायचा, यावर बोलोन्यात, या इंजिनांच्या गावी, कुणी वाद घालत नाही. नवा पट्टा किती ताणायचा ते मात्र ऐकून ठरतं. तार छेडावी तसा तो बोटाने छेडायचा. पियानोच्या डाव्या अंगाचा, खर्जातला 'ला' वाजला की ताण बरोबर. हल्ली फोन जवळ धरला की तोच ऐकतो आणि आकडा दाखवतो. अंब्रा फोनवरच विसंबायची, कारण तिचा कान बापावर गेला होता, म्हणजे नव्हताच. लिदियाने मात्र सगळा जन्म शाळेत संगीत शिकवण्यात घालवला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर आलेला सूर तिने ऐकायचा नाही म्हटलं तरी ऐकू यायचा.

ही पिवळी गाडी घरात आली तेव्हा लिदियाचा नवरा वाल्तेर जाऊन थोडेच महिने झाले होते. इमोलाच्या एका निवृत्त डॉक्टरने गुडघे दुखतात म्हणून विकायला काढलेली, अंब्राच्या निम्म्या वयाची. क्लच उघडा असल्यामुळे उभी असतानाही चमचे भरलेला खण हलवावा तसा खडखडाट करायची. लिदियाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे असं वाजतंय म्हणजे मोडलेलं आहे का? अंब्रा हसून म्हणाली, "नाही आई, हिचा गळाच तसा आहे. तुझ्या वर्गातल्या पोरांसारखा."

अंब्रा दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. केसाइतका उंचसखलपणा बोटाला कळणारी पोरगी. लहानपणी तिने आईचा मेट्रोनोम उघडून, पुसून पुन्हा जोडला होता आणि तो आधीपेक्षा बरा चालू लागला होता. गाडी आणल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिने इंजिन उघडलं. या इंजिनात व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंग नसते, वेगळा दांडा असतो; त्यातली फट कागदाहून बारीक चकत्या घालून जुळवावी लागते. त्या चकत्या अंब्रा कवळ्या घासायच्या कागदावर घासून हव्या तितक्या पातळ करायची. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या काढून तिने पोलादी जाळीच्या घातल्या, पुढचं चाक धरणारा काटा उघडून त्यातलं तेल आणि स्प्रिंगा बदलल्या, हलका क्लच बसवला. दर वेळी ती वर येऊन काय केलं ते आईला सांगायची, आणि लिदियाला त्यातलं एकच कळायचं: गाडी आता आधीपेक्षा जोरात पळणार. ब्रेक चांगले झाले म्हणजे ती वळणात उशिरा दाबणार. लिदियाने ते बोलून दाखवलं होतं. अंब्रा म्हणाली होती, "आई, तुझं ऐकलं असतं तर मी अजून रांगत असते."

रविवारी पहाटे ती लोयानोच्या रस्त्याने रातिकोझाच्या खिंडीत जायची. तिथल्या बारसमोर सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या, कॉफी व्हायची, एकमेकांच्या इंजिनांची नालस्ती व्हायची, आणि मग घोळका पलीकडच्या उतारावरून फूताच्या खिंडीकडे सुटायचा. त्या उताराचं नाव निघालं की लिदिया विषय बदलायची.

काल ऐकलेलं लिदिया मनात पुन्हा लावून बघत होती. आधी बराच वेळ ताणणं, छेडणं, ताणणं. मग आडव्याचा 'ला', स्वच्छ. थोड्या वेळाने उभ्याचाही 'ला'. त्याच सुमाराला पाणी उकळलं आणि लिदियाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "अंब्रा, पास्ता टाकते गं." या घरात एवढं ऐकल्यावर कुणी मागे रेंगाळत नाही. हातातलं काम हातात सोडून माणूस टेबलाशी येतो, कारण पास्त्याला थांबवणं हा अपमान मानला जातो, पास्त्याचाही आणि करणारीचाही. अंब्राने खालून हो म्हटलं. आणि मग तो 'फा' आला. एकदाच. लिदियाला तेव्हा वाटलं, पोरगी गंमत करतेय. तिने भांड्यात पास्ता सोडला आणि तो सूर विसरून गेली.

जेवण झालं, अंब्रा खाली गेली, पट्ट्यांवर कव्हरं चढली. संध्याकाळी तिने गाडी गल्लीत फिरवून आणली, छान चालली. रात्री अंथरुणावर पडताच 'फा' परत आला, आणि सकाळी गाडीचा खडखडाट कोपऱ्यावर विरला तेव्हाही तो होताच. लिदियाने खिडकी उघडली होती, हाक मारायला तोंडही उघडलं होतं. पण म्हणायचं काय होतं? मला काल एक सूर खालचा वाटला?

तिने लाटणं ठेवलं, हात पुसले आणि ती अंगण ओलांडून प्रिमोकडे गेली.

प्रिमो तुन्योली जन्मभर इंजिनं तपासण्याच्या कामावर होता. आता टोमॅटोंना काठ्या बांधायचा. पट्टे कसे छेडायचे ते अंब्राला त्यानेच दाखवलं होतं. लिदियाने आडून विचारायचं ठरवलं होतं, पण शब्द सरळच आले. उभ्या सिलिंडरचा पट्टा सैल राहिला तर काय होतं?

"किती सैल?" प्रिमोने मान वर न करता विचारलं.

"'ला' ऐवजी 'फा'."

प्रिमोच्या हातातली सुतळी थांबली. "फोनने सांगितलं का?"

"मी सांगतेय."

तो उठला, गुडघे झटकले. या मास्तरीणबाईंचा कान चुकत नाही हे त्याला ठाऊक होतं; त्याच्या नातवाला तिने गाण्यात नापास केलं होतं. तो म्हणाला, कदाचित काही होणार नाही. गल्लीत काही होत नाहीच. पण इंजिन जोरात फिरत असताना एकदम गॅसची मूठ सोडली की सैल पट्टा फडफडतो आणि एखादा दात चुकवतो.

"मग?"

"मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते. त्यांची गाठ पडायची नसते."

"आणि गाडी?"

प्रिमोने सुतळी खिशात घातली. "मागचं चाक जाम होतं, मास्तरीणबाई."

लिदियाने कुंपणाची तार धरली. तिला उतारावरचं एक वळण दिसलं, ओळखीचं नव्हतं तरी दगडन् दगड दिसला. प्रिमो घाईने बोलू लागला. आधी सूर बरोबर असेल आणि नंतर बिघडला असेल, तर एकच कारण: ताणणाऱ्या पुलीचा बोल्ट. तो शेवटचा आवळताना पुली किंचित सरकते आणि ताण उतरतो. म्हणून आवळून झाल्यावर परत छेडायचं असतं, फोन धरून. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे कधी ना कधी विसरतात. पण तो 'फा' आवळण्याआधीचा असेल, तर काळजीचं कारण नाही. "पाना ठेवल्याचा आवाज कधी आला, ते आठवतंय का?"

आठवत होतं. तेच तर भयंकर होतं. तिने हाक मारली, अंब्राने हो म्हटलं, पाना पत्र्याच्या तबकात पडला, खणकन. त्यानंतर 'फा', म्हणजे बोल्ट आवळून झाल्यावरचा. पोरगी उठता उठता सवयीने बोट लावून गेली होती. फोन बाजूला पडला होता, आणि बिनकानाच्या त्या पोरीला 'ला' आणि 'फा' सारखेच.

"फोन करा तिला," प्रिमो म्हणाला.

लिदियाने मान हलवली. गेल्या वर्षी तिने असाच फोन केला होता, जेवायला येणार का म्हणून. हेल्मेटमधल्या स्पीकरवर घंटी वाजली ती नेमकी वळणात. अंब्रा दचकली, चाक खडीवर गेलं, गाडी आडवी झाली. घरी आल्यावर तिने खरचटलेलं कोपर धुतलं आणि न रागावता सांगितलं, मी रस्त्यावर असताना फोन करायचा नाही, काहीही झालं तरी. त्या दिवसापासून लिदिया रविवारी आपला फोन कपाटातल्या टॉवेलांखाली ठेवायची, हात जाऊ नये म्हणून. आता तो विचारही तिला सोसवेना. सावध करायला जावं आणि घंटीनेच घात व्हावा.

"मग बारमध्ये करा. बारवाला दोरांदो उचलेल. कॉफी झाल्याशिवाय कुणी पलीकडे उतरत नाही."

लिदियाला बारचा पर्याय सुचला नव्हता असं नाही. तिने तो आत दाबून ठेवला होता. मागे एका बँकेतल्या पोराच्या आईने त्या बारमध्ये फोन करून विचारलं होतं, आमच्या रिकार्दोने आत लोकरीचा बनियन घातलाय का. दोरांदोने तो प्रश्न काउंटरवरून सगळ्यांना ऐकवला. तेव्हापासून रिकार्दोला खिंडीत कुणी रिकार्दो म्हणत नाही. 'बनियन आला, बनियन गेला', असंच म्हणतात. हे अंब्रानेच हसत हसत सांगितलं होतं. आणि तिथे अंब्राला तर जागा मिळवायला किती दिवस लागले होते. पहिल्या वर्षी लोक तिला विचारायचे, गाडी भावाची की नवऱ्याची. मग विचारायचे, इंजिन कोण उघडतं. मी, म्हटलं की आपसात बघायचे.

"प्रिमो, तुम्ही करा ना," लिदिया म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुम्ही केला तर कुणी हसणार नाही."

"हसणार नाहीत," प्रिमो म्हणाला. तो टोमॅटोच्या काठीकडे बघत राहिला. "पण म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो, हिची गाडी तो म्हातारा दुरुस्त करतो. मग ती शंभर इंजिनं उघडू दे, कुणी मानणार नाही. आईचा फोन आला तर पोर आईचं आहे एवढंच ठरतं. माझा आला तर काम तिचं नाही असं ठरेल." थोडं थांबून तो म्हणाला, "तरी करतो. तुम्ही सांगाल तसं. लवकर सांगा."

लिदिया घराकडे परत चालू लागली आणि मध्येच धावू लागली. जिन्यात तिने दोनदा कठडा धरला. अंब्रा अजून चढावरच असली तर? चढावर गॅस सोडत नाहीत, असं प्रिमो म्हणाला होता का? नव्हता म्हणाला. तिने स्वतःच ते त्याच्या तोंडी घातलं होतं. कपाटातले टॉवेल तिने जमिनीवर ओढले. फोन सापडला. त्यावर अंब्राचा काही निरोप नव्हता. खिंडीत पोचल्यावर ती पाठवायची, कधी लगेच, कधी कॉफीनंतर. अंब्राच्या नावावर लिदियाचं बोट गेलं आणि भाजल्यासारखं मागे आलं.

पोरगी चिडणार होती. कदाचित महिनाभर वर जेवायला येणार नव्हती. चाळिशीतली, पन्नाशीतली बाप्यामाणसं कॉफीच्या कपांवरून तिच्याकडे बघून हसणार होती आणि पुढच्या रविवारी तिचं काही तरी नाव पडलेलं असणार होतं. आणि कव्हर काढल्यावर पट्टा नीट ताणलेला निघाला, तर? तर मग आई म्हणून लिदियाचं कुणी कधीच काही ऐकणार नव्हतं. तिने हे सगळं डोळ्यांसमोर आणून बघितलं. त्या हसणाऱ्या घोळक्यात अंब्रा तांबडीलाल होऊन, दोन पायांवर उभी होती.

तिने बारचा नंबर शोधला. आकडे दोनदा चुकले. पलीकडे घंटी वाजू लागली. बराच वेळ कुणी उचलेना. मग कपबशांचा आवाज, माणसांचा गलका, मागे एखादं इंजिन तापवल्याची गुरगुर, आणि दोरांदोचा चढा आवाज, कोण म्हणून.

"मी अंब्राची आई बोलतेय," लिदिया म्हणाली. "पिवळ्या गाडीवाली अंब्रा. ती आली आहे का तिथे?"