पाय कोणी कोणाचे धुवायचे?

सतरंजी एवढीच जपायची असन तं घरी पेटीत ठेवा. प्रार्थनेले कायले अंथरता?

महिला मंडळाच्या ग्रुपवरल्या सगळ्या बायायले जय ख्रिस्त.

आज दुपारी जानेफळात आपण योहानाचा तेरावा अध्याय वाचला. येशूनं शिष्यायचे पाय धुतले, तो. अध्यक्षबाईनं मंग समजावलं, "यातून काय शिकायचं? देवापुढं स्वच्छ पायानं यायचं."

तेवढ्यात मंदा आली. वावरातून निंदण सोडून सरळ, पायाले चिखल. तिच्या लेकीचं उद्या ऑपरेशन आहे. तिले फक्त लेकीसाठी प्रार्थना पाहिजे होती.

अध्यक्षबाई तिले दारातच म्हनल्या, "मंदे, आत्ताच आम्ही अध्याय वाचला ना वं! सतरंजी खराब होईन, घरून पाय धुवून ये."

मी म्हनलं, "बाई, येशूनं कोणाले घरी पाठवलं? रुमाल त्यानंच कमरेले बांधला होता."

"आजी, तुम्हाले नाही समजत. ते आत्मिक आहे."

"आत्मिक आहे, तं चिखल काऊन दिसते तुम्हाले?"

दोघीतिघी हसल्या. मी बादली घेऊन दारात आली, तं मंदा पार वळणापलीकडं गेलती. माह्या गुडघ्यानं मले पळता येत नाही. तुमचे गुडघे तं धड आहेत, तरी एकही उठली नाही.

ते लेकरू सकाळी दवाखान्यात जाईन. त्याच्या आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कोण करते?

बाकीच्यायनं जोडलेल्या हातायचे चित्र पाठवू नका. उत्तर अध्यक्षबाईनंच द्यायचं, आन् तेही आज, मंदाच्या दारात उभं राहून.