मामाचा हलता हात

लग्नाच्या शूटिंगला मामासारखा माणूस नव्हता, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करायचे. नवरीच्या डोळ्यातलं पाणी गालावर उतरायच्या आत त्याचा कॅमेरा तिथे पोचलेला असायचा, आणि तोही इतका अलगद की पाण्यालाही कळू नये. कॅमेऱ्याच्या स्टँडला तो कुबडी म्हणायचा. "ज्याचा हात लंगडा त्याने कुबडी घ्यावी," असं चारचौघांत बोलून मोठ्याने हसायचा. जीभ अशी मोकाट सोडली की कधी ना कधी ती मालकालाच चावते.

हात थरथरायला लागला तेव्हा त्याने आधी थंडीला दोष दिला, मग कॅमेऱ्याच्या वजनाला, मग बायकोच्या चहाला. एका नवरदेवाच्या बापाने शूटिंग परत आणून टेबलावर आपटलं. "आमच्याकडे लग्न होतं की भूकंप?" झालं, तेव्हापासून बाजारात त्याचं नाव भूकंप पडलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, जायचा नाही, पण गोळी वेळेवर घेतली तर हात ऐकेल. गोळीने हात ऐकू लागला. गिऱ्हाईक काही ऐकेना. दुकानात ओळखपत्राचे फोटो तेवढे उरले. तेही काढून घेणारा माणूस आधी मामाच्या बोटांकडे बघायचा आणि मग कॅमेऱ्याकडे.

अशात भाचा आला. बहिणीचा मुलगा, सिनेमाचं शिकून आलेला. तोंडात साखर, डोळ्यात मोजपट्टी. त्याने ते भूकंपाचं शूटिंग कॉम्प्युटरवर लावलं आणि खुर्चीच्या काठावर येऊन शेवटपर्यंत पाहिलं.

"मामा, हे सोनं आहे."

"थट्टा करतोस होय रे मामाची?"

"देवाशपथ नाही. मी भुताचा पिक्चर काढतोय. भूत दाखवायचंच नाही. एका माणसाने आपल्या घरात शूटिंग केलं, आणि पुढे नुसता कॅमेरा सापडला, असं समजायचं. दाखवलेल्या भुताशी लोक दोन मिनिटांत ओळख करून घेतात. न दाखवलेलं ज्याचं त्याने घरून आणलेलं असतं. फक्त कॅमेरा धरणाऱ्याच्या हातात भीती दिसली पाहिजे."

"आणि त्या कॅमेरावाल्याचं काय होतं?"

"तो गेलेलाच असतो. पहिल्यापासून."

"म्हणजे मी मेलेला!"

"मेलेला, पण हीरो."

कितीतरी दिवसांनी मामा पोट धरधरून हसला.

एका रिकाम्या घराच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवून भरदुपारी शूटिंग सुरू झालं. आणि नेमका त्या दिवशी मामाचा हात दगडासारखा स्थिर. त्याला वाटलं, भाच्यासमोर लाज राखली हाताने. भाच्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, या दारामागे कोण असणार? भाडं मागायला आलेला घरमालक!"

भाच्याबरोबर कामाला आलेली सगळी पोरं खिदळली. मामा ओशाळून म्हणाला, "सकाळची गोळी घेतली आहे ना रे."

भाच्याने मामाच्या खांद्यावर हात टाकला. "एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर काय होतं हो?"

एवढंच विचारलं त्याने. घेऊ नका, असं एकदाही म्हणाला नाही.

बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि घोट उतरेपर्यंत समोर उभी राहायची. मामा गोळी गालात दाबायचा आणि बाहेर पडलं की कॅमेऱ्याच्या बॅगेत, बॅटरीच्या कप्प्यात थुंकायचा. एक दिवस बॅग झटकताना तिच्या पायाशी त्या ओल्या, चिकटलेल्या गोळ्या सांडल्या.

"अहो, हे कुणासाठी? त्या पोरासाठी?"

"कामासाठी. किती वर्षांनी कुणी माझा हात मागत आलंय."

"हात नाही मागितला त्याने. आजार मागितला."

"मग आजाराला तरी काम मिळू दे," मामा म्हणाला. ती गोळ्या वेचत खाली बसली, त्याने बॅग उचलली आणि तो निघाला.

पिक्चर लागला. पडद्यावर अर्धं उघडं दार, आणि ते धापा टाकल्यासारखं हलतंय. बाकी काही नाही. मागच्या रांगेतला एक दांडगा गडी पुटपुटत होता, "नको उघडू रे, नको उघडू." त्या दारामागे झाडू होता, बादली होती, आणि लाईटवाल्याचा जेवणाचा डबा. हे बघणाऱ्यांत एकट्या मामाला ठाऊक, आणि तो अंधारात फुलून बसला होता. शेजारी बायकोने दाराकडे पाहिलंच नाही. ती नुसता थरथरणारा हात बघत राहिली, जो पडद्यावर कुठेच नव्हता.

दुसऱ्या पिक्चरच्या शूटिंगच्या पहिल्याच दिवशी मामाच्या हातून कॅमेरा सुटला. आता तो गोळी इमानाने घ्यायचा, पण गोळीच त्याला जुमानेना. पायही जमिनीला चिकटल्यासारखा फरफटू लागला. डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी व्हायचंच होतं. बायकोचा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही.

भाच्याने फुटलेली काच गोळा केली. "राहू द्या मामा. हलणं आता कॉम्प्युटरवर घालता येतं."

"मग मी?"

भाचा त्याच्या पायाकडे बघत होता. कानाला हेडफोन लावून त्याने माईक फरशीवर ठेवला. "तुम्ही या खोलीतून त्या खोलीत जा. काही वेगळं करू नका. रोजच्यासारखं चाला."

मामा चालला. घासत, अडत, परत घासत. पोरांपैकी कुणी हसलं नाही. एकाने तर अंगावरचा काटा दाखवला. "कमाल!" भाचा म्हणाला. "पुन्हा एकदा."

"पुढच्या पिक्चरपर्यंत पाऊल आणखी जड होईल," मामाने पडेल आवाजात सांगितलं, जसं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सांगावं. "चालेल ना?"

"उलट बरंच, मामा."

हा दुसरा पिक्चर पाहायलाही बायको आली. बंद दारापलीकडून ते पाऊल वाजू लागलं तेव्हा थिएटरमध्ये लोकांनी एकमेकांना घट्ट धरलं, एक बाई तर किंचाळून बाहेर गेली. बायको निवांत बसून होती, मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत, पुन्हा मारत.

घरी येताना तिच्या खांद्याचा आधार घेऊन मामा पायऱ्या उतरत होता. एकेक पायरीला वेळ लागत होता.

"भ्यायलीस का गं?"

"मी कशाला भिऊ? मी रोज ऐकते."

मामा रागावून तिथेच थांबला. पाय पुढे पडेना, ओठाच्या कडेतून लाळ ओघळलेली त्याला कळली नाही. ती पदराने पुसायला गेली, तर त्याने मान फिरवली.

"तुला कळत नाही," तो म्हणाला. "बाकी सगळे भ्यायले."