भट्टीतला गारवा

चाकणच्या आमच्या कंपनीतला एसीचा ऑपरेटर खाली मशीनरूममध्ये असतो आणि मी वर ऑफिसात. वरचा एसी त्याच्या मशीनवर चालतो आणि ते मशीन भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. आगीतून गारवा कसा निघतो, असं मी एकदा विचारलं, तर झोपेत बोलावं तसा तो संथ बोलत राहिला. "आतली हवा काढून घेतली की पाणी गारच उकळतंय. वाफ व्हताना गारवा मागं ठेवतंय. आत मीठ असतंय, ते ती वाफ पिऊन घेतंय. मिठाचं पोट भरलं की भट्टीची आच द्यायची. वाफ सुटती, तिचं परत पाणी. फिरतंय आपलं."

मीटरकडे तो नंतर बघतो. आधी पाइपला तळहात लावतो आणि डोळे मिटतो. जेवणानंतर वर येतो, तेव्हा ऑफिसातल्या एसीच्या जाळीखाली तोच हात असा धरतो, जणू तीर्थ घेतोय. "आलं," म्हणतो आणि जातो. खुर्ची दिली तरी बसत नाही. "गारव्याची सवय लागंल."

परवा मी अंगात ताप घेऊन कुडकुडत कामाला बसलो होतो. तो आला, पण जाळीकडे गेलाच नाही. माझ्या कपाळाला तळहात लावून त्याने डोळे मिटले. मग टेबलावर चढून माझ्या डोक्यावरची जाळी बंद केली.

"घरी जावा राव," उतरताना तो म्हणाला. "न्हाईतर खाली चला. एवढी उष्णता हितं कशाला वाया घालवताय?"