सीतादहीच्या दिवशी बोलून टाकलं

छातीतली गाठ पहिल्यांदा माझ्या हाताला लागली ती महालक्ष्म्या बसायच्या थोडे दिवस आधी, अंग धुताना. बोराएवढी असेल. दुखत नव्हती. मी दोनदा चाचपून पाहिली, भरभर पाणी ओतून घेतलं आणि पुरणाची डाळ निवडायला बसले. आमच्या घरी महालक्ष्म्यांचं मोठं प्रस्थ. पाहुणेरावळे, सोळा भाज्या, आंबील, सगळं सोवळ्यात. सासूबाईंचा कडक शिरस्ता आहे की सणासुदीत घरात वाईट शब्द काढायचा नाही, दुखण्याखुपण्याचं तर नावच नको. हा शिरस्ता मलाही मनापासून पटलेला. महालक्ष्म्या उठल्या की सांगू, असं ठरवलं.

महालक्ष्म्या उठल्या आणि पितृपक्ष लागला. त्या दिवसांत दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे अंगावर काटाच. मग घट बसले. घटात तर देवी घरात, तिच्यासमोर कसं बोलायचं? मग दिवाळी आली, नणंदा आल्या, फराळ झाला. आमच्या पंचांगात माझ्या गाठीसाठी दिवसच निघेना. तोवर ती बोराची लिंबाएवढी झाली होती.

मी मुळातच घुमी. माहेरी आर्णीला आई म्हणायची, या पोरीच्या पोटातलं काढायला सांडशी लागते. दुखलं खुपलं तरी तोंडातून शब्द नाही, याचं लोक कौतुक करत आणि मला ते आवडायचं. पण ते तीन महिने मी पार गळून गेले. रात्री डोळा लागत नव्हता, सकाळी उठताना अंग शिशासारखं जड. कोणी विचारलं तर जागरण झालं म्हणायचं. नवऱ्याच्या हाताला ती गाठ लागू नये म्हणून मी माझी वळकटी सासूबाईंच्या खोलीत नेली, त्यांचे पाय दाबावे लागतात अशी सबब सांगून. तो काही बोलला नाही. त्याचं न बोलणंही मला बरंच वाटलं.

देवीपुढे रोज दिवा लावायची. सगळ्यांसाठी मागायची, पोरीच्या परीक्षेसाठी, बैलाच्या पायासाठीसुद्धा. गाठीचं मात्र अवाक्षर काढलं नाही. तिला माहीत असेलच, असं स्वतःला सांगायची. खरं तर मी तिच्यावर रुसले होते. सगळं माहीत असून गप्प बसते ती कसली आई, असं हात जोडता जोडता मनात यायचं आणि मग त्याचीही भीती वाटायची.

अशात कापूस फुटला आणि वेचणीचा पहिला दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी शेतात सीतादही करतात. कापसाच्या झाडाखाली खडे मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, सीतामायला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा वावरात शिंपडायचा, मग सगळ्यांनी खाऊन वेचायला लागायचं. पूजा मालकिणीनं करायची. म्हणजे मी. वेचायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया दरवर्षी येतात, जमनाबाई त्यांची पुढारी. यंदा तिच्यासोबत तिची नणंद होती. घाटंजीकडच्या तांड्यावरची ही बाई भावाकडे आली होती, सकाळची बस चुकली म्हणून घरी बसण्यापेक्षा वेचायला आलेली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

मी खडे मांडत होते. बाया कमरेला ओटी बांधत होत्या, वेचलेला कापूस टाकायचं ते फडकं. या नणंदेनं गाठ पाठीमागे न मारता डाव्या खांद्यावरून घेऊन उजवीकडे मारली. मी सहज विचारलं, अशी काहून बांधली? ती उजवी बाजू दाखवत अगदी बाजारभाव सांगावा तशी म्हणाली, "इकडची छाती काढली ना बाई डाक्टरनं. गाठ होती. आता इकडं वजन आलं की हात सुजते."

माझ्या हातातला खडा तसाच राहिला. बाया तिच्यावर तुटून पडल्या. जमनाबाई म्हणाली, "पूजेच्या टायमाले काय बोलून राह्यली तू? आजच्या दिवशी?"

"काहून?" ती म्हणाली. "सीतामाय बाई नाही काय? तिले छाती नाही काय? तिच्यापुढं कायची लाज?"

आणि स्वतःच हसली. मी वर पाहिलं. मला वाटलं होतं आता काहीतरी अशुभ होईल. कापूस तसाच पांढरा उभा होता, ऊन तसंच होतं, एक बाई तंबाखू चोळत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मलेही हाय."

मोठ्यानं बोलले असेन, कारण सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. ती बाई उठली, हात धुतले, मला तुरीच्या ओळीआड घेऊन गेली. चाचपून पाहिलं. तिचे हात खरबरीत होते. तीन महिन्यांनी कुणाचा तरी हात तिथं लागला आणि मी ओक्साबोक्शी रडले, सगळा हुंदका तिच्या ओढणीत. ती पाठ थोपटत तांड्याच्या बोलीत "याडी, याडी" म्हणत राहिली, म्हणजे आई. मला म्हणत होती की देवीला, ते मी विचारलं नाही. मग म्हणाली, "आजच जा. कापूस आम्ही वेचून घेतो, कापूस कुठं पळते? मालकाले मी सांगू काय?"

मी म्हटलं, नको, मीच सांगते.

नवरा धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, बैलांना पाणी दाखवत होता. मी एका दमात सांगितलं. तो तिथंच मातीत बसला. म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं?"

"महालक्ष्म्या होत्या," मी म्हटलं. बोलताना मलाच कसंनुसं झालं.

"मी समजलो तू माह्यावर नाराज हायस," तो म्हणाला. "वळकटी नेली तवापासून इचारीन इचारीन म्हणत होतो. भेव वाटे, तू हो म्हणशीन म्हणून."

एका घरात आम्ही दोघं आपापली भीती सांभाळत होतो, सणवार पाळत. वाईट वाटलं, आणि इतकं हलकंही वाटलं की लाज वाटली.

त्याच दिवशी यवतमाळ गाठलं, मग नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर केलात, पण अजून हातात आहे. गाठ काढली. आता सलाइनचे फेरे सुरू आहेत. केस गेले, तोंडाची चव गेली. सासूबाई कळलं त्या दिवशी देवघरात रडल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "माह्यावर चिडली तरी चालन, पण बोलत जा." मी चिडतेही. त्या ऐकून घेतात.

जमनाबाईची नणंद दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघून गेली, परत भेट नाही. तिला देवीनं पाठवलं की बस चुकली म्हणून ती आली, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. ती आली, एवढं मला पुरतं. तिचं सगळं उघडं होतं, म्हणून माझं दार उघडलं. शरण जायचं म्हणजे सगळं मुकाट सोसायचं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, देवीला माहीत असतंच, पण आपण सांगितलं की तिला माणसाच्या हातानं यायला वाट मिळते.

पुढचं काय ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. काल सलाइन घेऊन आले, दिवा लावायला उठवेना. नवऱ्यानं लावला. मी खाटेवरूनच म्हटलं, "माय, आज लई थकली मी. आज काही मागत नाही. भेव वाटून राह्यलं, तेवढं ऐकून घे." नवरा दिव्यापाशी पाठमोरा बसला होता. तो न वळताच म्हणाला, "मलेही." मग येऊन माझ्या उशाशी बसला, आणि मला झोप लागली.