गाडीला वरवंटा, बाप्पाला खिडकी

आमच्या परळच्या घरात दोन गोष्टी कधी टाकून देत नाहीत: प्लॅस्टिकचे डबे आणि किस्से. बाबांचा गुडघा बदलल्यापासून गावी जाताना गाडी मी चालवते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत चढवायची, मांडव्याला उतरवायची. तेव्हापासून डब्यांपेक्षा किस्से जास्त झालेत. आणि माझी भीती एकच: एक दिवस गाडी सामानासकट समुद्रात जाणार!

*

पहिल्याच खेपेला बोटीवरचा माणूस हात वर करून मला थांबवत होता. त्याच्या मागे आमचा काका, चाळीच्या गेटवर ओरडतो तसा, "येऊ दे, येऊ दे!" मी दोघांचंही ऐकलं. गाडी बंद पडली. अर्धी बोटीवर, अर्धी मुंबईत!

"काका, गाडी तुम्ही लावताय की मी?" माणूस वैतागला.

"तुम्हीच लावा हो. मी फक्त पोरीला धीर देतोय."

*

हँडब्रेक ओढला तरी गाडी खाली ठेवून वर बसायला गेल्यावर मला वाटतंच, ओढला ना? पुढच्या वेळी आईने पिशवीतून वरवंटा काढला आणि चाकापुढे ठेवला.

"आई, एवढ्याशा दगडाने गाडी थांबणारेय?"

"सासूबाईंचा आहे. त्याही कधी जागच्या हलल्या नाहीत."

मांडव्याला तो काढायचाच राहिला. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, गाडी ढिम्म. मागे हॉर्नवर हॉर्न! आई खूश. "बघ!"

*

एकदा लाटांच्या हादऱ्याने खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म कोकलायला लागला. मी दचकले, चहा बाबांच्या नव्या गुडघ्यावर. बाबा मोठ्याने म्हणाले, "गाडी सांभाळता येत नाही तर आणतात कशाला लोक!"

स्पीकरवर नंबर सांगितला. आमचाच.

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. "गप्प बस. आपण बसने आलोय."

*

यंदा लालबागहून गणपती न्यायचा होता, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मूर्ती मागच्या सीटवर, तोंडावर रुमाल, वर सीटबेल्ट. शेजारी काका.

"बोट सुटल्यावर गाडीत कुणी बसायचं नाही," बोटीवरचा माणूस म्हणाला. "नियम आहे."

"बाप्पाला एकटं सोडायचं नसतं."

"साहेब, नियम."

"मग तोही उतरेल!"

बाप्पा वर एसीत, खिडकीजवळ बसले. कुणी हात जोडले, कुणी टाळ्यांचा ठेका धरला. मांडवा दिसू लागला तेव्हा आरत्या अगदी रंगात आल्या होत्या. ड्रायव्हरांना खाली बोलावलं, म्हणून मी एकटीच उतरले.

आणि काय सांगू! वरवंटा काढला, हँडब्रेक सोडला, आणि एकदाही बंद न पडता गाडी थेट जमिनीवर! समुद्रात काहीच गेलं नाही! बाजूला घेऊन फोन लावत बसले. रेंज येईपर्यंत परतीच्या गाड्या चढूनही झाल्या.

"काका, बघितलंस का? मी उतरवली!"

"थांब गं जरा!" फोनमध्ये मागे टाळ्या, आई-बाबांचे आवाज, आणि सगळ्यांच्या वर त्या नियमवाल्याचा. "आरती मध्येच सोडायची नसते!"

मी मान वळवली. बोट निघाली होती. भाऊच्या धक्क्याकडे.