पेटीच्या झाकणातला पैलवान

मी मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायचे आणि खेळाडूंची जुनी कार्डं जमवायचे. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात बाईमाणसानं असला छंद लावून घ्यायचा म्हणजे लोकांची फुकटची करमणूक. "बाईंना उघडे पैलवान बघायला आवडतात," असं स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागं चालायचं. पाठीमागं म्हणजे मला ऐकू येईल इतपतच. बोला काय बोलायचं ते, मी दाद देत नसे. शतकाच्या सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटांतून निघायची तसली गोऱ्या क्रिकेटवाल्यांची चिटुकली कार्डं माझ्याकडे होती, हॉकीचा एक अख्खा संघ होता. पण त्या काळात छापलेलं, आपल्याकडच्या पैलवानाचं पोस्टकार्ड एकही मिळालं नव्हतं. तसली निघाली होती हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच जळफळाट व्हायचा.

ते निघालं आमच्या शिपाईमावशींच्या घरी. त्या वर्षी मावशी रिटायर झाल्या होत्या, म्हणून मी भेटायला गेले. दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट आणि मधे त्यांची एक खोली. मला दाखवायला म्हणून निरोप समारंभातलं लुगडं काढायला त्यांनी लाकडी पेटी उघडली आणि झाकणाच्या आतून एक पैलवान माझ्याकडे बघायला लागला. लंगोट, खांद्यावर गदा, पिळदार मिशा आणि खाली कलकत्त्याच्या कुठल्याशा स्टुडिओचं नाव. लुगड्याचं कौतुक करायचं मी विसरूनच गेले.

"ह्यो माजा बा," मावशी म्हणाल्या.

बाप इथल्याच होटगी गावचा. आई पहिल्याच खेपेची, पाच महिन्यांची पोटुशी असताना कुस्त्या करायला कलकत्त्याला गेला तो गेलाच. पुढं वर्षभरानं तिकडंच वारल्याची खबर आली. मधे हे एक कार्ड आलं होतं. आजोबांचा पोरावर राग, त्यांनी ते न वाचताच चुलीपुढं फेकलं. आईनं उचललं, शेजारच्या मागावरची, सुताला लावतात ती पिठाची खळ आणली आणि नवऱ्याचं तोंड तरी दिसावं म्हणून झाकणाला चिकटवून टाकलं. आईला वाचता येत नव्हतं, मावशींनाही नाही. मागं काय लिहिलंय ते कुणाला कधी कळलंच नाही.

"समदं गोत म्हनायचं, तुज्या बाला तू हायस ह्येबी ठावं न्हवतं," मावशी म्हणाल्या. "म्या झाल्याली त्याला कळली हुती का न्हाय, येवढंच मला पायजे. फाटंल म्हनून हात लावला न्हाय कदी. तुमी असली कामं करता. काडून वाचून दावा आन मंग घिऊन जावा. मुखडा काय, जन्मभर बगितला की."

मला आणखी काय हवं होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातळ सुरी आणि धुतलेलं फडकं घेऊन हजर. खळ पाण्यानं सुटते, असली डझनभर कार्डं मी सोडवली होती. ओलं फडकं चित्रावर अंथरलं आणि हातानं दाबत बसले. मावशी पलीकडं उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती.

"आदी कोपरा उचलून बगा की बाई. भिजवायच्या आदी."

"मावशी, यातलं तुम्हाला कळतं की मला?"

असं म्हटलं मी. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अर्ध्या तासानं सुरी आत घातली. कार्ड अलगद सुटत आलं, चित्राला ओरखडासुद्धा नाही. मी खूश. उलटं केलं. मागची बाजू जांभळी झाली होती. शाईनं नव्हे, कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. थुंकी लावली की जांभळी उमटते ना, तीच. शाळेची चलनं मी रोज त्याच पेन्सिलीनं लिहायचे. मला सुचू नये?

"काय लिवलंय?"

मी कार्ड उजेडाला धरलं. ओळीच्या ओळी फुटून एकमेकींत मिसळल्या होत्या. खाली डावीकडं मात्र खळ पोचली नव्हती आणि माझं ओलं फडकंही, तेवढा कोपरा कोरडा राहिला होता. तिथं बाळबोध अक्षरात दोन शब्द धडधडीत होते.

"आणि पोरीस," मी वाचलं. "बाकी गेलं, मावशी. पेन्सिल होती, माझ्या पाण्यानं गेली. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही."

मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. चूक झाकायला ही बाई गोड बोलते आहे, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि तशाच समोरच्या किराणा दुकानात गेल्या. मी दारात उभी. दुकानदारानं चष्मा शोधला, पुसला, कार्ड आडवं धरलं, उभं धरलं. मी चुकीचं तर वाचलं नाही ना, अशी धास्ती मला लागली.

"आणि पोरीस," दुकानदार म्हणाला. "पुढचं काय लागत नाही."

मावशी रस्ता ओलांडून आल्या. माझ्यासमोर कार्ड धरून म्हणाल्या, "पोरीला कुटं लिवलंय, त्यावर बोट ठिवा." मी ठेवलं. त्याच जागी त्यांनी आपलं बोट ठेवलं आणि खाली बसल्या. रडल्या नाहीत. मीच रडले. आणि खोटं कशाला बोलू, रडतानाही माझा एक डोळा त्या चित्राकडं होता. कार्ड त्यांनी दिलं नाही, मी मागितलं नाही.

मावशी माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुढंही भेटत राहिल्या, बाजारात, शाळेच्या फाटकाशी. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली आणायच्या. साठीची बाई, तोंडात दात उरले नव्हते.

"पोरीला बांगड्या आनतो म्हनला असंल का ओ, बाई?"

"असेल की, मावशी."

पुढच्या भेटीत बांगड्या नसायच्या, परकर असायचा, नाहीतर बाहुली.