वरच्या पट्टीतला संतोष

मालेगावात आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे; मी तिथं डिझाइनचं काम करतो. अशा दुकानात बॅनरपेक्षा किस्सेच जास्त साचतात. आमच्याकडे किश्शांपेक्षाही जास्त साचले ते कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर, अगदी वरच्या पट्टीतले आयकॉन!

*

हा कॉम्प्युटर मालकीण वंदनाताईंना त्यांच्या धाकट्या भावाने, संतोषने, पुण्याहून जुना आणून दिला. रोज सकाळी तो तिथूनच रिमोट ॲपने आत शिरायचा आणि पट्टी आवरून द्यायचा. ताई फोनवर घाई करायच्या, "लवकर आवर रे, गिऱ्हाईक उभं हाय."

एकदा रिठद गावचे एक काका पत्रिका छापायला आले. स्क्रीनवर माऊसचा बाण आपोआप फिरताना पाहून खुर्चीसकट मागे सरकले. "ताई, इथं कोन बसून राह्यलं?"

"आमचा संतोष हाय. नमस्कार करा त्याले."

काकांनी खरंच हात जोडले.

*

संतोषची शिस्त ठरलेली. आधी फॉन्टचा आयकॉन, मग प्रिंटरचा, आणि अगदी कोपऱ्यात त्याच्या ॲपचा. तो जोडला गेला की तिथं हिरवा ठिपका यायचा. बाकी सगळे बाहेर. "ताई, हा काय देव्हारा हाय? दिसलं ते कायले मांडून ठेवतं?"

*

दसऱ्याला ताई कॉम्प्युटरची पूजा करतात. एका वर्षी कुंकवाचं बोट नेमकं पट्टीवर टेकलं. दुसऱ्या दिवशी इंझोरीचा एक नवरदेव त्यावर माऊस आपटत बसला. "भाऊ, हे लाल ॲप काहून उघडून नाही राह्यलं?" फोनवर सगळ्यात जास्त हसला तो संतोष.

*

यंदा उन्हाळ्यात संतोष अपघातात गेला. त्याच्या श्रद्धांजलीचा बॅनर मी याच कॉम्प्युटरवर केला.

पट्टी आवरणारं कोणी उरलं नाही. आयकॉन वाढत गेले, कॉम्प्युटर रडायला लागला. मी म्हणालो, "ताई, साफ करून टाकू?"

"बाकी सारे काढ. त्याचा नोको काढू. मले तेवढाच उरला."

मग त्या स्वतःच आवरायला बसल्या. एकेक आयकॉन ओढून बाहेर टाकता टाकता संतोषचाही सुटला, आणि ॲपसकट गेला. पुन्हा टाकायचा तर पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक. त्याचा लॅपटॉप ताईंच्या कपाटात, बंद.

"मीच काढला त्याले," एवढंच त्या दिवसभर म्हणत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी होती. रिठदचे काकाही आले होते. मी माऊसला हात लावणार, तोच बाण हलला.

मी हात मागे घेतला. बाण सावकाश वर गेला. उरलेले फालतू आयकॉन एकामागून एक बाहेर पडले. फॉन्टचा पुढे सरकला, त्याच्या बाजूला प्रिंटरचा. मग कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत एक आयकॉन उमटला. त्यावर हिरवा ठिपका.

काकांनी हात जोडले, या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

ताई खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसल्या. हळूच म्हणाल्या, "सावकाश आवर रे. गिऱ्हाईक कोनीच नाही."